म्हशीविना पाणथळ

पावसाळ्यात मालवणकडच्या पाणथळीत म्हैस डुंबताना दिसली की आपल्याला वाटतं, ही पाणी नासवते, पक्ष्यांना उठवते. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात हाच विचार झाला. १९८२ साली तिथली चराई बंद केली. सलीम अलींचाही तिला पाठिंबा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली.

पुढे काय झालं? चरायला म्हशी नाहीत, त्यामुळे पास्पालम हे पाणगवत माजलं. उघडं पाणी झाकलं गेलं, पाणपक्ष्यांची जागा आटली. हे दाखवलं कोणी? सलीम अलींच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, दहा वर्षांच्या अभ्यासातून.

माणूस वजा केला की उरतो तो निसर्ग, असं आपण धरून चालतो. ती वजाबाकीच चुकली होती. म्हणून मंडळी, आपल्या पाणथळीला कुंपण घालण्याआधी तिथं गुरं चारणाऱ्याला विचारू या.