वाटीच्या तळाचं उटणं

आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा; रायगड हे नाव १९८१ साली आलं. उरणकडे साबण घरोघर होता, तरी नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणंच लागे. आजी मसूरडाळ, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा जात्यावर दळी. पीठ जरा भरडंच ठेवी. "मळ निघायला नको?" म्हणे. मग ते नारळाच्या दुधात कालवायचं. १९७२ च्या दुष्काळात डाळ परवडेना, तेव्हा तांदळाच्या पिठावर भागवलं. आधी पुरुष, मग पोरं. बायांना वाटीच्या तळाशी उरेल तेवढं. मिठागरात नि चुलीपुढे राठ झालेले हात त्यांचेच. आई वाटी निपटून कोपरांना चोळी. आता उटण्याची पुडी दुकानात मिळते, नि आमच्याकडे लेकी आधी न्हातात.