गोवर : दुसरी मात्रा का चुकवू नये?

हैदराबाद हे देशातील लसनिर्मितीचे प्रमुख केंद्र. १९५३ मध्ये स्थापन झालेली बायोलॉजिकल ई आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८२ मध्ये उभारलेली इंडियन इम्युनोलॉजिकल्स या तेथील दोन्ही कंपन्या गोवर-रुबेला लसीच्या उत्पादक आहेत. तरीही तेलंगणातील बालकांसाठी ऑगस्ट २०१७ मध्ये विशेष मोहीम हाती घ्यावी लागली. लस जवळ तयार होते म्हणून मूल सुरक्षित होत नाही. ती वेळेवर आणि दोनदा टोचली जावी लागते.

गोवर हा हवेतून पसरणारा विषाणूजन्य आजार आहे. ताप, खोकला, वाहणारे नाक, लाल डोळे आणि त्यानंतर अंगावर पुरळ ही त्याची लक्षणे. पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस आणि नंतर चार दिवस रुग्णापासून संसर्ग होतो. रुग्ण निघून गेल्यावरही त्या खोलीतील हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो. न्यूमोनिया, अतिसार, मेंदूज्वर आणि अंधत्व हे संभाव्य धोके होत. त्यामुळे ‘गोवर निघून गेला की बरे वाटेल’ असे म्हणून घरीच थांबू नये. विषाणूवर थेट औषध नाही; मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेले ‘अ’ जीवनसत्त्व गुंतागुंत कमी करते.

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत उजव्या दंडात दिली जाते. त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीच्या परिणामात अडथळा आणू शकतात. नवव्या महिन्यातील मात्रेने शंभरपैकी सुमारे ८५ बालकांना संरक्षण मिळते. उरलेल्यांपैकी बहुतेकांना दुसरी मात्रा सावरते. म्हणूनच तिला ‘बूस्टर’ समजून पुढे ढकलणे चुकीचे ठरते.

नऊ महिन्यांखालील तान्ही मुले आणि कर्करोगाचे उपचार घेणारे बालक यांना सहसा ही लस देता येत नाही. त्यांचे रक्षण भोवतालच्या लसवंत मुलांमुळेच होते. त्यासाठी समाजातील सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये प्रतिकारशक्ती असावी लागते. राज्याची सरासरी चांगली असली, तरी एखाद्या वस्तीत लस न घेतलेली मुले एकवटली की उद्रेक होतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात हेच दिसले. कोविडकाळात रखडलेल्या लसीकरणाची किंमत बालकांनी प्राणांनी मोजली.

गोव्याचा या कामात वाटा जुना आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात गोव्याचा समावेश होता. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांना तेव्हा लस देण्यात आली. परंतु त्यानंतर जन्मलेल्यांना त्या मोहिमेचे कवच नाही. गोवर व रुबेला यांच्या निर्मूलनासाठी देशाने २०२६ हे लक्ष्यवर्ष ठरवले आहे.

पालकांनी लसीकरण पत्रिकेत दोन्ही नोंदी आहेत का, हे आजच पाहावे. एखादी मात्रा राहिली असेल, तर नजीकच्या आरोग्य केंद्रात विचारावे. पाच वर्षांखालील बालकाला ती उशिरानेही देता येते. ताप व पुरळ दिसल्यास मुलाला शाळेत किंवा अंगणवाडीत न पाठवता आरोग्यसेविकेला कळवावे. शेजारच्या तान्ह्या बाळाचे रक्षण त्यानेच होते.