शब्दबोध : इंडेलिबल

'इंडेलिबल' हे इंग्रजीतील विशेषण. पुसता, धुता वा खोडता न येणारा, हा त्याचा मूळ अर्थ. 'पुसून टाकणे' या अर्थाच्या ज्या लॅटिन धातूपासून 'डिलीट' आला, त्यालाच नकारार्थी 'इन' हा उपसर्ग लागून हा शब्द सिद्ध झाला. संगणकामुळे 'डिलीट' घरोघरी पोहोचला आहे. तेव्हा जे डिलीट होत नाही ते इंडेलिबल, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

शब्दशः अर्थाचे परिचित उदाहरण म्हणजे मतदानाची शाई. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारी ही 'इंडेलिबल इंक' १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आली. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेटमुळे बोटावरचा डाग उजेडात काळा पडतो. अर्थात, नख वाढले की खूणही जाते, ही गोष्ट वेगळी!

लाक्षणिक अर्थाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे घोटाळा होतो. 'मेमोरेबल', 'अनफर्गेटेबल' आणि 'इंडेलिबल' या तिन्ही शब्दांना सरसकट 'अविस्मरणीय' म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः प्रसंग असतो तो मेमोरेबल. त्याने मनावर उमटवलेला ठसा इंडेलिबल. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ही प्रवचने मेमोरेबल. ऐकणाऱ्यांच्या मनावर झालेला संस्कार इंडेलिबल. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. इतरांनी लिहून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. तेथेही गाणी मेमोरेबल आणि मराठी कवितेवरची त्यांची मुद्रा इंडेलिबल, असेच म्हणावे लागेल. 'इंडेलिबल भाषण' वा 'इंडेलिबल सहल' हे प्रयोग इंग्रजीत खटकतात. मार्क, इम्प्रेशन, मेमरी, स्टेन ही या विशेषणाची नेहमीची सोबत.

आणखी एक भेद. मेमोरेबलचा रोख बहुधा चांगल्याकडे असतो. इंडेलिबलला चांगल्यावाइटाचा विधिनिषेध नाही. कीर्ती आणि कलंक, दोन्ही इंडेलिबल असू शकतात.

मराठीत 'अमिट' हा हिंदी शब्द अलीकडे रुळला आहे. पण 'वज्रलेप' हा आपला जुना शब्द अधिक नेमका. 'काळ्या दगडावरची रेघ' मात्र येथे चालणार नाही. ती विधानाच्या खात्रीसाठी आहे, मनावरच्या ठशासाठी नव्हे.

उच्चारात आघात 'डे'वर द्यावा. लिहिताना शेवट 'मेमोरेबल'प्रमाणे 'ए' घालून नव्हे, तर 'पॉसिबल'प्रमाणे 'आय' घालून करावा. परीक्षेत चूक होते ती येथेच. क्रियाविशेषण 'इंडेलिब्ली'.