कुरणापासून वेळासच्या वाळूपर्यंत

उन्हाळ्याच्या सुटीतली निसर्गशिबिरे आपल्या ओळखीची आहेत. बाहेरून आलेला तज्ज्ञ बोलतो, मुले ऐकतात. रत्नागिरीच्या खेड्यातल्या मुलाला हे शिबिर त्याच्याच किनाऱ्यावर पाहुणा करून टाकते. यापेक्षा निराळे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत, आणि त्यांचा इतिहास शिक्षकांनी पाहण्याजोगा आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, त्यामुळे शाळेत येईनात. तेव्हा शाळाच गुरांच्या मागे गेली. ही 'कुरणशाळा'. पाने, बिया, खडे हेच तिचे साहित्य.

दुसरा प्रयत्न शेजारच्या मध्य प्रदेशातला. १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ साली कार्यक्रम जिल्हाभर पसरला. सहावी ते आठवीची मुले स्वतः प्रयोग करीत, परिसरात हिंडून नोंदी घेत. त्यासाठी शिक्षकच उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थी होऊन प्रशिक्षणाला बसत. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. आम्हाला यातून एवढेच दिसते, की सरकारी परवानगीवर उभे असलेले काम एका आदेशाने थांबू शकते.

त्याच २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला वेगळीच सुरुवात झाली. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत असताना त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले कासवे इथे अंडी घालत होती आणि ती काढून नेली जात होती. वाळूवरचा माग कुठे वळतो आणि घरटे कुठे असणार, हे गावातल्या माणसांना पक्के ठाऊक होते. संस्थेने हेच ज्ञान कामाला लावले. माग ओळखणारी माणसे राखणदार झाली.

शाळेच्या दृष्टीने यातला विज्ञानाचा भाग फार मोलाचा आहे. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती काही तासांच्या आत, न उलटवता, कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवतात. खोली तीच का? खोलीबरोबर वाळूचे तापमान बदलते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे तापमानावर ठरते. उबदार वाळूत माद्या जास्त. अंड्यांना हात लावणे हे वनखात्याच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या कासवमित्रांचेच काम. मुलांचे काम नोंदीचे. अंडी घातल्याची तारीख आणि पिल्ले बाहेर आल्याची तारीख यांची वजाबाकी केली, की थंडीतल्या घरट्यांना जास्त दिवस लागतात आणि उन्हाळ्यातल्यांना कमी, हे पाचवीचा मुलगाही स्वतः शोधून काढील. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा' या मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले गेले. तिचा पुढचा प्रवास नकाशावर काढता येतो.

पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पर्यटक येऊ लागले. गावाला त्यातून मिळकत होते, हे चांगलेच आहे. पण दोरीबाहेर उभे राहून टाळ्या वाजवणे म्हणजे शिकणे नव्हे. शिवाय पिल्ले निघण्याचा भर मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन परीक्षेत! मेच्या शिबिराला बहुधा घरटी रिकामीच सापडतात.

मेमध्ये मग काय करावे? किनारा नसलेल्या गावांनाही करता येईल असे एक काम आम्ही सुचवतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपून निघून जाते. हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा पोहऱ्याच्या दोरीला हातभर अंतरावर गाठी माराव्यात आणि वाडीतल्या दोन-तीन विहिरी दर रविवारी मोजाव्यात. सड्यावरची विहीर आणि परसातली विहीर सारख्याच वेगाने आटत नाहीत, हे वहीत दिसू लागते. पहिल्या पावसानंतर पाणी चढायला किती दिवस लागतात, ही नोंद जूनमध्ये येईल. तोवर शाळा सुरू झालेली असते, आणि वही वर्गात आणता येते.