आधी मोजणी, मग गोळी

मी आर्णीचा. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचं आमचं तालुक्याचं गाव. आमच्याकडे बाईला दिवस गेले की सरकारी दवाखान्यात नाव नोंदवतात, वजन-बीपी बघतात, रक्त घेतात. घरच्यांना यात काही विशेष वाटत नाही. पण भारतात एचआयव्ही किती पसरलाय, याचा अंदाज कित्येक वर्षं प्रामुख्याने अशाच गरोदर बायकांच्या रक्तावरून बांधला गेला. त्या आकड्यांचा इतिहास वाचताना एक प्रश्न मला सोडत नाही. जिला मोजलं, तिला काय मिळालं?

१९८६ साली चेन्नईत भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग सापडले. १९९२ मध्ये ‘नाको’ म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’. १९९८ पासून देशात ठरावीक ठिकाणी नियमित पाहणी सुरू झाली. पद्धत साधी होती. तपासणीला आलेल्या गरोदर बायकांपैकी एका केंद्रावर ओळीने ४०० जणी घ्यायच्या. सिफिलिससाठी घेतलेलं त्यांचं जे रक्त उरेल, त्यावरचं नाव काढून टाकायचं आणि एचआयव्हीची चाचणी करायची. गरोदर बाई म्हणजे सर्वसाधारण घरातली बाई, तेव्हा तिच्यावरून समाजाचा अंदाज येतो, हा त्यामागचा विचार. गरोदर बायकांमधलं प्रमाण १ टक्क्याच्या वर गेलं की ते राज्य ‘जास्त प्रादुर्भावाचं’. महाराष्ट्र त्याच यादीत होता.

नाव काढल्यामुळे बाईची बदनामी टळायची, हे खरं. पण नावच नाही म्हटल्यावर निकाल तिला सांगणार कसा? देशाला टक्केवारी कळायची आणि ती मात्र काही न कळता बाळंत व्हायची. उपचार नसेल तर अशा १०० मातांमागे १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो.

अर्थात तेव्हा हाताशी औषध तरी कुठे होतं? १९९९ मध्ये युगांडातल्या अभ्यासाने वाट दाखवली. कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांत बाळाला एक डोस. एझेडटीच्या छोट्या कोर्सच्या तुलनेत बाळांमधला संसर्ग यामुळे जवळपास निम्म्यावर आला. भारतात २००२ पासून हा कार्यक्रम सुरू झाला. आता चाचणी तिला विचारून होऊ लागली आणि निकालही तिच्या हातात येऊ लागला.

पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. नाव एका दवाखान्यात, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात. माहेरच्यांना सांगायचं काय, या धास्तीने गोळी पिशवीतच राहण्याची भीती. शिवाय त्या एका गोळीने बाळ वाचण्याची आशा होती, आईच्या स्वतःच्या आजाराचं काय? १ एप्रिल २००४ ला मोफत एआरटी सुरू झाली ती देशातल्या फक्त आठ सरकारी रुग्णालयांत. त्यातलं एक मुंबईचं जे. जे. आर्णीहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास.

चाचणी आधी बायकोची होते, म्हणून घरात बोटही आधी तिच्याकडे वळतं. याचं उत्तर पुण्याच्या ‘नारी’च्या संशोधकांनी १९९७ मध्येच देऊन ठेवलं होतं. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ बायका तपासल्या. १३.६ टक्के बाधित निघाल्या. बहुतेकींचा शरीरसंबंध फक्त नवऱ्याशी होता.

पुढे आकडे उतरत गेले. देशभरातल्या गरोदर बायकांमधलं प्रमाण २००७ मध्ये ०.४९ टक्के, २०१२-१३ मध्ये ०.३५, २०१७ मध्ये ०.२८ आणि २०१९ मध्ये ०.२४. ही चांगलीच बातमी आहे. पण उतरती रेषा जपून वाचायला हवी. नवे संसर्ग घटले की ती उतरते, तशीच माणसं मेल्यावरही उतरते. नव्वदीत लागण झालेले कितीतरी जण औषध पोचायच्या आत गेले. आणि मोजमाप सुधारलं की आकडा वेगळाच निघतो. २००७ मध्ये घरोघरच्या सर्वेक्षणाची जोड मिळाली, तेव्हा देशातल्या बाधितांचा ५० लाखांवरचा अंदाज २५ लाखांच्या आसपास आला.

मला या सगळ्या इतिहासात सगळ्यांत मोठी वाटते ती १ जानेवारी २०१४ ही तारीख. त्या दिवसापासून बाधित गरोदर मातेला एआरटी आयुष्यभरासाठी देण्याचं धोरण आलं. म्हणजे गोळी फक्त बाळासाठी राहिली नाही, आईसाठीही झाली. नियमित उपचार असले तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला मनाई केली. निनावी पाहणीला सूट ठेवली, पण पाहणी कशासाठी आहे हे त्या व्यक्तीला सांगायलाच हवं, अशी अटही घातली. तिला सांगायला हवं हे कायद्यात यायला जवळपास वीस वर्षं गेली.

आता उरतो नवरा. तुमच्यापैकी कुणी बाप होणार असेल, तर पहिल्या तपासणीला बायकोबरोबर जा आणि तिच्या शेजारी स्वतःचंही रक्त द्या. चाचणी मोफत आहे. तिच्याकडे वळणारं बोट तुमच्याच घरात थांबवायचं, तर सुरुवात तिथून होते.