भरती-ओहोटी (माहीमची खाडी)

चंद्र आणि सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राची पातळी ठरावीक वेळाने चढते व उतरते. चढण्याला भरती आणि उतरण्याला ओहोटी म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीला सुकती असेही नाव आहे. मुंबईतल्या माहीमला दिवसाकाठी साधारण दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. वांद्रे आणि माहीम यांच्यामधला हा समुद्र उथळ असल्याने ओहोटीला पाणी दूरवर सरते आणि चिखलट तळ उघडा पडतो. भरती-ओहोटी समजून घेण्यासाठी शहरात याहून सोयीची जागा क्वचितच असेल.

चंद्र पाणी ओढतो, एवढे सांगून भागत नाही. तसे असते तर भरती दिवसातून एकदाच आली असती. खरे कारण ओढीतल्या फरकात आहे. चंद्राकडच्या बाजूच्या पाण्यावर चंद्राची ओढ पृथ्वीच्या मध्यापेक्षा किंचित जास्त असते, पलीकडच्या बाजूला किंचित कमी. त्यामुळे पाण्याला दोन्ही बाजूंना फुगवटा येऊ पाहतो आणि फिरती पृथ्वी आपल्याला दोन्हींखालून नेते. मधल्या वेळात चंद्रही पुढे सरकलेला असतो, म्हणून हे चक्र 24 तासांऐवजी सुमारे 24 तास 50 मिनिटांत पुरे होते. सूर्य प्रचंड असला तरी फार दूर आहे. ओढीतला हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत असल्याने सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी भरतो.

अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे परिणाम एकाच रेषेत येतात आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना छेद देतात, तेव्हा भांगाची. उधाणाचा जोर प्रत्यक्षात तिथीनंतर एकदोन दिवसांनी सर्वांत जास्त दिसतो.

किनाऱ्यावरच्या माणसांनी भरतीची वेळ काढण्याचा हिशोब तिथीवर बसवला आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. यामागचे गणित शाळकरी मुलालाही पडताळता येते. चांद्रमासात तिथ्या 30 असतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाचे 24 तास मागे पडते, म्हणजे दर तिथीला 48 मिनिटे, जुन्या मापात दोन घटका. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे. तीन मिनिटांची ही तूट साठत जाऊन पौर्णिमेला हिशोब सव्वाअकरा सांगतो, तर मुंबईत भरती बाराच्या आसपास येते. तोंडी करायच्या हिशोबाला एवढा नेमकेपणा पुष्कळ आहे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीशेजारी तो छापला जायला हवा.

मुंबईत पावसाळ्यातली मोठी उधाणे दुपारी येतात, हिवाळ्यातली मध्यरात्री. ऋतूप्रमाणे सूर्य-चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असतात, त्यामुळे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. भरतीची उंची किनाऱ्याच्या घडणीवरही ठरते. गोव्यात पाणी सुमारे दोन मीटर चढ-उतार करते, मुंबईत उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत, आणि निमुळत्या होत गेलेल्या खंबायतच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या घरात. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची मापे 1878 पासून घेतली जात आहेत.

माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी पूर्वी होडीने ओलांडावी लागे. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेला माहीमचा कॉजवे 1845 मध्ये खुला झाला. याच खाडीत मिठी नदी येऊन मिळते. विहार व पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन ती सुमारे 18 किलोमीटर वाहते. नदी समुद्राकडे वाहते ती पातळीतल्या फरकामुळे. भरतीला समुद्राची पातळी चढली की तो फरक घटतो आणि नदीचे पाणी तुंबते. खाडीतले पाणी उलटे आतही शिरते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी मोठी भरती होती. मिठीकाठच्या वस्त्या बुडाल्या त्यामागे पावसाचे प्रमाण, अरुंद झालेले पात्र आणि ही भरती तिन्ही होती. खाडीकाठची तिवरे पाण्याचा वेग मंदावतात व गाळ धरून ठेवतात. दोन्ही वेळच्या भरतीत त्यांची मुळे खाऱ्या पाण्यात बुडतात आणि ओहोटीला चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांनी ती हवा घेतात.