अवधान आणि अनवधान

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासपर लेख द्यावा, असे विश्वस्त मंडळाने सुचविले, तेव्हा मंदिरांचा अथवा घराण्यांचा इतिहास न घेता एका शब्दाचा मागोवा घ्यावा असे मनात आले. तो शब्द म्हणजे 'अवधान'.

'धा' म्हणजे ठेवणे. मन एखाद्या ठिकाणी नेऊन ठेवणे, ते अवधान. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. मंगलाष्टकांतील 'सावधान' हा याच कुळातला. पुढे बोलण्यात 'लक्ष' रूढ झाले; वऱ्हाडात तर वडीलधारी माणसे गावाला निघालेल्या मुलाला 'ध्यान ठेवजो' एवढेच म्हणतात. अवधान उरले ते बहुधा दिलगिरीच्या मजकुरात, 'अनवधानाने' या रूपात.

आपल्या शास्त्रांनी या विषयाला फार मोठे स्थान दिले आहे. तत्त्वार्थसूत्रात जीवाचे लक्षण सांगितले ते 'उपयोग', म्हणजे चैतन्याचे ज्ञेयाकडे वळणे. रोजच्या व्यवहारातील 'उपयोग' तो नव्हे. त्याच ग्रंथात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आला आहे. ध्यानही सरसकट शुभ मानलेले नाही. आर्त आणि रौद्र हीदेखील ध्यानेच. मन तेथेही एकाग्र असतेच!

अवधानाचे नाव सर्वदूर झाले ते मात्र चमत्काराच्या रूपाने. 1887 साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमद् राजचंद्र यांनी शतावधानाचा प्रयोग केला. वय अवघे एकोणीस. एकाच वेळी शंभर गोष्टींकडे अवधान ठेवून त्या शेवटी बिनचूक सांगायच्या! मुंबई थक्क झाली. पण आत्मसाधनेत अडथळा नको म्हणून थोड्याच काळात त्यांनी हे जाहीर प्रयोग सोडून दिले. 1891 मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींनीही त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा पाहिली. मात्र आपण भारलो गेलो ते त्या शक्तीने नव्हे, तर त्यांच्या शास्त्रज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

शतावधानाला सभा जमते. एका अक्षरावर ठेवलेल्या अवधानाला कोणी टाळ्या वाजवीत नाही. तसे एक उदाहरण आपल्या विदर्भातच घडले आणि त्यात आपल्या धनजशेजारच्या कारंज्याचाही वाटा आहे.

षट्खंडागम व त्यावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंदिस्त होती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तिच्या नकला बाहेर पडल्या आणि नकलांवरून नकला होत गेल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती होत्या. पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला.

त्यातील 93 वे सूत्र मनुष्यिनीच्या गुणस्थानांविषयी आहे. संपादकांना तेथे अर्थ जुळेना. सूत्रात गुणस्थाने पाचव्यापर्यंतच येत होती, तर खालची टीका चौदा गुणस्थानांची शंका घेऊन तिचे समाधान करीत होती. मूळ सूत्रातून काहीतरी गळले असले पाहिजे. 'संजदासंजद' या पदानंतर लगेच 'संजद' हे पद असावे, असा त्यांचा तर्क होता. अक्षरे तीच, नकलाकाराची नजर घसरायला जागा अगदी सोपी. तरीही हाती असलेल्या प्रतींत नसलेला शब्द संपादकांनी मूळ पाठात घातला नाही. तळटीप देऊन शंका नोंदविली.

या तीन अक्षरांवरून समाजात मोठे वादळ उठले. स्त्रीमुक्तीचा प्रश्न त्यात गुंतलेला होता. दिगंबर विद्वानांतच दोन तट पडले. लेख, सभा, प्रत्युत्तरे यांत पुढील काही वर्षे गेली. सूत्रातील स्त्री द्रव्यस्त्री की भावस्त्री, यावर पांडित्य पणाला लागले. त्या वादाचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. आश्चर्य वाटते ते एवढेच, की कोण्या थकल्या हाताने, कदाचित दिवा मंदावल्यावर केलेल्या एका चुकीसाठी इतकी माणसे इतकी वर्षे जागी राहिली.

अखेर पाठ मूडबिद्रीच्या ताडपत्राशी ताडून पाहण्यात आला. 'संजद' तेथे होता.